बांधावरची सीतेची वेणी

'ऑर्किडची निगा कशी राखावी, यावर वाचकांना सोप्या टिप्स द्या,' असं या अंकाच्या संपादकांनी मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "एकच टिप आहे. हात लावू नका." ते हसले. म्हणाले, "मॅडम, एका वाक्यात पान कसं भरणार?" आता पान भरायचंच आहे, तर भरते. पण आधीच सांगून ठेवते, हा लेख वाचून तुमच्या गॅलरीतलं ऑर्किड फुलणार नाही. उलट शेवटी मला चार शिव्या घालाल. घाला. मलाही पुष्कळ घालायच्या आहेत.

दिंडोरी रोडवरच्या एका टिश्यू कल्चर लॅबमध्ये माझी सगळी नोकरी झाली. टिश्यू कल्चर म्हणजे काही जादू नाही. चायना ग्रासची जेली असते ना, तशी जेली काचेच्या बाटलीत ओतायची, तिच्यात साखर आणि खतं घालायची आणि जंतूचा वारासुद्धा लागू न देता तिच्यावर इवली इवली रोपं वाढवायची. बाळंतिणीची खोलीसुद्धा कुणी इतकी जपत नसेल. केळी आणि जरबेरा ही आमची रोजची भाकरी. ऑर्किड हा माझा हट्ट. साहेब म्हणायचे, "पगारे बाई, केळीकडे लक्ष द्या." मी 'हो हो' म्हणायची आणि ऑर्किडच्या बाटल्या मागच्या रॅकवर सरकवायची.

लॅबच्या दारातच रोपांच्या विक्रीचा काउंटर होता, आणि गर्दीच्या दिवसांत तिथे मलाच बसवायचे. एकदा गंगापूर रोडच्या एक बाई गाडीतून बादली घेऊन उतरल्या. बादलीत काळी माती आणि मातीत गळ्यापर्यंत पुरलेली सीतेची वेणी. हे आपल्या रानातलं ऑर्किड. झाडाच्या खोडाला धरून वाढतं, आणि मे संपता संपता त्याला गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लांब गजरा लोंबतो, म्हणून हे नाव. "ट्रेकला गेलो होतो, तिथून आणलं," बाई म्हणाल्या. "शेणखत घातलं, दोन वेळा पाणी घातलं, तरी सडतंय हो!"

"तुम्हाला कुणी गळ्यापर्यंत शेणात पुरलं, तर तुम्ही काय कराल?" मी विचारलं. साहेबांनी आतून खाकरून मला गप्प केलं.

अहो, त्या झाडाची मुळं मातीसाठी नसतातच. जाड, पांढरट, दोरीसारखी मुळं. निम्मी सालीला चिकटलेली, निम्मी उघडी हवेत लोंबणारी. पाऊस आला, धुकं आलं की ती पाणी पितात आणि हिरवी दिसायला लागतात, वारा लागला की सुकून पुन्हा पांढरी होतात. भिजणं आणि सुकणं, दोन्ही हवं. मातीत पुरलं की मुळांचा श्वास कोंडतो. आणि प्यायला धुकं हवं, म्हणून येवला-चांदवडकडच्या कोरड्या वाऱ्यात ही झाडं सापडत नाहीत. ती आमच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला, जिथे पावसाळाभर ढग झाडांच्या डोक्यावर बसून असतात, तिथल्या जुन्या आंब्या-जांभळावर राहतात. बाईंना मी एवढं सगळं समजावलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग खत कोणतं घालू?" कप्पाळ माझं!

आणि याच्या उलट आमचे नामपूरचे एक कांद्याचे व्यापारी. बायकोला आणून दिलेलं ऑर्किड बायकोनं घरात घेतलं नाही. 'हे कसलं मेलं मुळं लोंबणारं ध्यान,' म्हणाली. त्यांनी ते कांद्याच्या चाळीत, पाण्याच्या टाकीवर टांगलं आणि विसरून गेले. चाळ म्हणजे कांदा साठवायची जागा. वर छप्पर, चारी बाजूंनी फटी, वारा आरपार. पुढच्या वर्षी ते मला फोटो दाखवायला आले. झाड फुलांनी वाकलेलं.

"काय केलंत?" मी विचारलं.

"काहीच नही करं, मॅडम. नुसतं टांगी दिधं," ते म्हणाले. "झाड भलतं भारी शे!"

सावली, खेळती हवा, खालून थोडा ओलावा आणि वर मालकाचं दुर्लक्ष. या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं मला. माझ्या सगळ्या नोकरीत मला भेटलेलं हे एकच आदर्श गिऱ्हाईक.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तिकडे येते.

नाशिकच्या पश्चिमेला एक खोरं आहे. नाव सांगणार नाही, विचारू नका. तिथे अण्णांचं एक जुनं आंब्याचं झाड होतं. अण्णा म्हणजे दिंडोरी भागातले नामांकित द्राक्ष बागायतदार. माणूस लाख मोलाचा, हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही त्यांना खलनायक समजाल. खोऱ्यातली जमीन त्यांची वडिलोपार्जित. केळीची रोपं न्यायला आले असताना त्यांनी बोलता बोलता सांगितलं, "मॅडम, आमच्या डोंगराकडच्या आंब्यावर बांडगूळ लय माजलंय. फुलं मात्र झ्याक येत्यात." मी तशीच उठले आणि त्यांच्या गाडीत बसले.

झाडाखाली उभी राहिले आणि वर बघतच राहिले. खोडापासून शेंड्यापर्यंत सीतेची वेणी. मी अण्णांना म्हटलं, "हे बांडगूळ नव्हे. बांडगूळ झाडाच्या फांदीत मूळ घुसवून त्याचा रस पितं. ही झाडावर फक्त राहते. भाडेकरू आहे, चोर नाही." अण्णांना इतका आनंद झाला की विचारू नका. देवघरात काही सापडावं तसे त्यांनी झाडाला हात जोडले.

मग मी त्यांना सालीवरचे हिरवे ठिपके दाखवले. शेवाळासारखे दिसतात. ती या ऑर्किडची बाळं. ऑर्किडचं बी म्हणजे नुसती धूळ. गव्हाच्या दाण्यात निदान पीठ असतं, त्यावर कोंब जगतो. ऑर्किडच्या बीत शिदोरी म्हणून काहीच नसतं. ते वाऱ्यावर उडतं, आणि जुन्या खरबरीत सालीच्या भेगेत एक बुरशी असते, ती भेटली तरच रुजतं. ती बुरशी त्याला भरवते. लाखो बियांतली एखादी रुजते, आणि रुजलेलीला फूल यायला वर्षं लागतात. लॅबमध्ये मी बुरशीचं काम साखरेकडून करून घेते. पण बाटलीतून बाहेर काढून ती रोपं ठेवायची कुठे? शेवटी लागते ती हीच जुनी साल, हेच धुकं. बाटलीत बाळ वाढवता येतं, रान वाढवता येत नाही.

"म्हणजे मी काय करायचं, मॅडम?" अण्णांनी विचारलं.

"काहीही नाही."

"तरी पण?"

"अण्णा, काहीही नाही. पाणी नाही, खत नाही, औषध नाही. फक्त बघायचं."

अण्णांनी मान डोलावली. पण ज्या माणसाच्या कॅलेंडरवर छाटणीपासून काढणीपर्यंत रोजची फवारणी लिहिलेली असते, त्याला 'काही करू नका' म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. द्राक्षाच्या बागेत काही न करणारा माणूस बुडतो. आमच्या भागातली सगळी हुशारी करण्यात आहे, न करण्यात नाही. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

मी निवृत्त झाले त्या पावसाळ्यानंतर अण्णांचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "मॅडम, झाडाची सेवा केली बघा! माझ्या हातानं केली, गड्यावर नाय सोपवली."

मी जाऊन बघितलं. द्राक्षाच्या खोडाची सुटलेली साल किडी लपू नयेत म्हणून सोलून काढतात. अण्णांनी आंब्याची साल तशी सोलली होती, वेण्यांच्या कडेकडेनं, अगदी हळुवार. म्हणजे सगळी बाळं गेली. हवेत लोंबणारी मुळं त्यांनी द्राक्षाच्या बगलफुटीसारखी, म्हणजे वेलाच्या बाजूच्या फुटव्यांसारखी, कात्रीनं छाटली होती, 'फुकट वाढत्यात' म्हणून. आणि वर बोर्डोची पेस्ट. मोरचूद आणि चुना कालवून करतात ती. बुरशी मारायला द्राक्षाला रामबाण. झाड खालपासून वरपर्यंत निळं. जी बुरशी त्या बियांना भरवते, तीच मारायचं औषध! करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

"अण्णा, हे काय केलंत?" मी ओरडले. "मी काय सांगितलं होतं?"

"मॅडम, पाणी नाय, खत नाय, औषध नाय म्हनला होता. मी झाडाला कुठं दिलं? सालीला दिलं."

मी घरी आले आणि जेवले नाही.

आता खरी गंमत ऐका. पुढच्या मेमध्ये ते झाड असं फुललं, असं फुललं की खोऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. पानं दिसेनात, नुसते गजरे. अण्णांनी व्हिडिओ काढला, तो सगळीकडे फिरला, लोक बघायला आले. मला फोन, "बघा मॅडम, फवारनीचा रिझल्ट!"

ऑर्किड मरायला टेकलं की जाता जाता आपलं सगळं साठवलेलं फुलांत ओतून जातं. जाड पानांत पाणी साठवलेलं असतं, म्हणून मूळ गेलं तरी लगेच मरत नाही. आपण गेलो तरी बी मागे राहावं म्हणून ही शेवटची धडपड. लॅबमध्ये मी हे कितीदा पाहिलेलं. तो बहर नव्हता हो, तो निरोप होता. आणि खाली लोक सेल्फी काढत होते.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. अण्णांनी त्या झाडाखाली कार्यक्रम ठेवला. मांडव, माइक, आणि एक भला मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर माझा फोटो! खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शक : पगारे मॅडम'. मला आधी काही सांगितलं नव्हतं, 'सहज या' म्हणाले होते. खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइक पुढे केला.

मी म्हटलं, "हे झाड फुललेलं नाही, मरतंय. हे मी सांगितलेलं नाही. कृपा करून कुणीही आपल्या झाडाची साल सोलू नका, पेस्ट लावू नका. पुढच्या वर्षी इथे एक फूल दिसणार नाही."

लोक हसले आणि टाळ्या वाजवल्या. अण्णांनी माइक घेतला. "आमच्या मॅडमचा सोभावच तसा. शाबासकी म्हनून द्यायची नाय कुनाला!" पुन्हा टाळ्या. डोळ्यांसमोर एवढी फुलं लोंबत असताना एका निवृत्त बाईवर कोण विश्वास ठेवणार? त्या पावसाळ्यानंतर खोऱ्यातल्या प्रत्येकानं आपापला वेणीवाला आंबा सोलला. कुणी अण्णांकडून पेस्ट नेली, कुणी घरी कालवली. मी दारोदार फिरले. प्रत्येक ठिकाणी हेच, "अवो, तुमचाच तर फोटू व्हता!"

पुढच्या वर्षी अण्णांच्या झाडावर वाळक्या चामड्यासारखी पानं तेवढी राहिली. त्याच्या पुढच्या वर्षी सगळ्या खोऱ्यात. अण्णा माझ्याकडे आले, तोंड उतरलेलं. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना. म्हणाले, "मॅडम, यंदा डोस कमी पडला का?"

मी त्यांना चहा दिला. दुसरं काय देणार!

पण सगळं संपलेलं नव्हतं. खोऱ्याच्या टोकाला, दोन भावांच्या बांधावर, एक आंबा शिल्लक होता. थोरला काशिनाथ, धाकटा हिरामण. वाटणीत बांध कुणाचा यावरून दोघांचं बिनसलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. निकाल लागेपर्यंत झाडाला कुणी हात लावायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम. थोरला कुऱ्हाड घेऊन निघाला की धाकटा पोलिसांना फोन करणार, धाकटा शिडी लावायला गेला की थोरला आरडाओरडा करणार. परिणाम काय? सगळं खोरं सोललं गेलं तेव्हा हे एकटं झाड वाचलं. अंगभर सीतेची वेणी, सालीवर हिरवी बाळं, सगळं जसंच्या तसं. आता या खोऱ्यात पुन्हा कधी ऑर्किड दिसायचं असेल तर ते याच झाडाचं बी वाऱ्यावर उडून दिसणार होतं, दुसरीकडून नाही. जिथे माझं ज्ञान, माझा आरडाओरडा, माझा सत्कार कामाला आला नाही, तिथे दोन भावांचं भांडण कामाला आलं.

मी दर मेमध्ये जायला लागले. दोन्ही घरी चहा घ्यायचा हा नेम. एका घरी घेतला आणि दुसऱ्या घरी नाही, तर झाडाखाली उभं राहू देणार नाहीत.

गेल्या वर्षी काशिनाथच्या अंगणात पोचले तर दोघे भाऊ एका बाजेवर बसलेले! काशिनाथच्या बायकोनं माझ्या हातात पेढा ठेवला. "मॅडम, समेट झाला. पोरीचं लगीन ठरलं, मंग दोघं बी म्हनले, कशाला ताणायचं? कोर्टातला दावा काढून घेनार." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आता मांडव त्या आंब्याखालीच घालायचा."

"झाड पार साफ करून घेतो," हिरामण म्हणाला. "दोघं मिळून सोलतो. अण्णाकडं पेस्ट सांगितलीया."

मी पेढा हातात धरून सगळं सांगितलं. बी, बुरशी, साल, अण्णांचं झाड, सगळ्या खोऱ्याचं काय झालं ते. हात जोडले. काशिनाथ समजूतदारपणे हसला. "मॅडम, पोरीचं लगीन हाय. घरच्या झाडाखाली असं गबाळ नाय चालत. आन् तुमीच तर सांगितलं व्हतं ना सगळ्यांना?" आत भिंतीकडे बोट केलं. भिंतीवर ओल येऊ नये म्हणून अण्णांचा तो फ्लेक्स ठोकलेला. फोटोतली मी, तिथून हसत होते.

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. रागानं म्हणा, हतबल होऊन म्हणा. पेढा तोंडात टाकला आणि शांतपणे विचारलं, "बरं झालं हो समेट झाला. म्हणजे विहिरीकडच्या मोठ्या फांदीचे आंबे आता कुणाचे?"

दोघे एकमेकांकडे बघायला लागले.

"आमचेच की," काशिनाथ म्हणाला.

"आसं कसं?" हिरामण बाजेवरून उठला.

पुढचं सांगत नाही. दावा मागे घेतला गेला नाही. मांडव शाळेच्या पटांगणात पडला. हिरामण पुतणीच्या लग्नाला आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. ती पोरगी त्याच्या मागे धावत रस्त्यापर्यंत गेली, असं मला नंतर कळलं. ते ऐकल्यापासून मी पेढा तोंडात घातलेला नाही.

आता मला नावं ठेवा. पण आधी मला सांगा, सरळ सांगून कुणी ऐकलं होतं? शाल घालून, फोटो छापून, टाळ्या वाजवून तुम्ही माझं तोंड बंद केलंत. या बाईला जे खरं बोलून जमलं नाही, ते एका फांदीवरून भांडण लावून जमलं. याची लाज मला वाटते तेवढीच इतरांनाही वाटायला हवी.

यंदा मेमध्ये गेले होते. झाड फुललंय. अण्णांच्या झाडासारखं वेड्यासारखं नाही, बेतानं, जसं धडधाकट झाड फुलतं तसं. काशिनाथच्या घरी चहा झाला. उठताना तो दारापर्यंत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, धाकट्याचा गुडघा धरलाय म्हनं. औषध घेतो का नाय, जरा विचारा. मी विचारलं म्हनू नका."

मग बांध ओलांडून हिरामणच्या घरी गेले. चहा पुढे करत त्यानं नजर न उचलता विचारलं, "दादा काय म्हनत व्हता?"

मी खिडकीतून वर बघितलं. गजऱ्यांच्या आड गेल्या वर्षीचं एक बोंड उकललेलं होतं आणि त्यातून धूळ उडत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "झाडाला हात लावाल तर बघून घेईन, म्हणत होता."